सासुरवाडीचे पाणी

महाड सोडले तेव्हा सावित्री नदीवर धुके होते, आणि कापडे गाव मागे टाकून गाडी डोंगराला लागली तरी ते आमच्याबरोबर वर चढत राहिले. मुंबईहून आलेली मुलगी गाडी चालवत होती. मागे तंबू, शेगडी, अंथरुणे. तिच्या लेखी ही तळ्याकाठी मुक्कामाची सहल होती. पत्नीच्या मांडीवर मात्र एक पिशवी होती आणि तिच्यात खण, नारळ, तांदूळ.

ते तळे म्हणजे धरणाचा जलाशय, आणि त्याखाली तिचे माहेर आहे. गाव उठले तेव्हा देवी डोंगरावरच्या नव्या देवळात नेली. पत्नी दरवर्षी तिथे ओटी भरत आली. समाधान कधी झाले नाही. "वर नेली म्हणजे देवीला सासरी धाडली," ती म्हणे, "माहेर तिचं खालीच राहिलं." पाण्याच्या काठावरून एकदा तरी ओटी भरायची, ही तिची इच्छा. यंदा गुडघे इतके धरले होते की पुढच्या वर्षी ती उतरण जमणार नाही, हे आम्हां तिघांनाही ठाऊक होते आणि तिघेही बोलत नव्हतो.

काठाच्या वर फलक होता : 'जलाशयाजवळ जाण्यास सक्त मनाई.' खाली ना कायद्याचे कलम, ना अधिकाऱ्याचे पदनाम. माझे मस्तक भणभणले. चवदार तळ्याच्या गावात माझा जन्म गेला. पाण्याच्या काठी उभा केलेला मज्जाव मला आजही सहन होत नाही. उठलेल्या गावकऱ्यांना पाण्यापर्यंत पायऱ्या बांधून द्याव्यात, म्हणून मी वर्षानुवर्षे पत्रे धाडली आहेत. पायऱ्या आल्या नाहीत, फलक आला.

झोपडीतून काठी टेकत राखणदार बाहेर आला. वयाने पत्नीच्या बरोबरीचा.

"खाली जायचा नाय."

"कोणाच्या आदेशाने?"

"सायबांच्या."

"साहेबांचे पदनाम?"

"सायब!"

मुलगी हसू दाबत म्हणाली, "बाबा, आज रागाला रजा द्या ना."

धुके विरत होते आणि माझी नजर फलकावरून पलीकडे गेली होती. पाणी उतरल्याने काठाला तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडला होता. त्यात भाताच्या खाचरांचे बांध, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे पाण्यात शिरत गेले होते. त्या बांधांवरून मी एके काळी नवरदेव होऊन चालत आलो होतो. तळाशी कुठेतरी तो मांडव अजून उभा असावा, झालरी हलत असाव्यात, आणि सनईचा आवाज तेवढा वर पोहोचत नसावा, असे वाटत राहिले. वाऱ्याने पाण्यावर शहारा उठला की मला पिंपळाची पाने दिसत.

"कुठल्या गो तुम्ही?" राखणदार पत्नीला विचारत होता.

"इथलीच. खालच्या आळीतली. पिंपळाशेजारचं घर."

त्याने पाण्याकडे पाहिले. जणू घर अजून दिसते. "मी वरच्या आळीतला. तुमच्या खळ्यात शिमग्याची पालखी नाचवलीय मी." मग काठी बाजूला घेतली. "बंदी पर्यटकांना हाय. माहेरवाशिणीला आडवली तर माझी म्हातारी मला घरात घेल काय?"

"फलकावर 'पर्यटक' हा शब्द नाही," मी म्हणालो. चुकीचा अर्थ माझ्या बाजूचा असला तरी मला तो चालवून घेता येत नाही.

"बाबा!"

"दाजी," राखणदार शांतपणे म्हणाला, "तुम्ही हितंच उभे ऱ्हावा. जावयाला पाय धुतल्याबिगर गावात घेत नाय आमच्यात."

काठी फलकाला टेकवून, झोपडीतला तांब्या घेऊन तो उतरू लागला. पत्नीचा एक हात त्याच्या हातात, दुसरा मुलीच्या. मी फलकाशेजारी थांबलो. लग्नाच्या दिवशीही मला असेच वेशीवर थांबवले होते, पायांवर पाणी पडेपर्यंत. तेव्हा रागावण्याचे मला सुचलेही नव्हते.

खाली ती घोटाभर पाण्यात उभी राहिली. खण सोडला, तांदूळ सोडले, नारळ सोडला. नारळ बुडाला नाही. डुलत डुलत, पालखी खांद्यावर हलावी तसा, तो आत आत जात राहिला. आम्ही चौघेही त्याच्याकडे पाहत होतो. कोणाला घाई नव्हती.

मग राखणदार चढून आला आणि त्याने खालून भरून आणलेला तांब्या माझ्या पायांवर ओतला. पाणी थंड होते, किंचित मातकट. गावाच्या विहिरीही आता याच पाण्यात आहेत. तेव्हा ते माझ्या ओळखीचेच असणार.

"चला आता," तो म्हणाला.

ओल्या पायांनी मी फलक ओलांडला. पहिल्याच बांधावर पाय अडखळला, तशी खालून पत्नीने मान वर केली. ती दगडावर बसली होती, पाय पाण्यात, शेजारी जागा राखून.

"जपून या," ती म्हणाली. "आमची वाट इथूनच सुरू होते."