कॅल्शियम खाऊन परीक्षेला

माझ्या आईशी पैज लावायची नसते, हे मला पन्नाशी उलटल्यावरही कळलं नव्हतं. यावरून माझ्या अकलेचा अंदाज यावा.

मागच्या पावसाळ्यात ती मागच्या दारी शेवाळावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. बाबा गेल्यापासून समुद्राकाठच्या गावचं आमचं घर आणि वाडी ती एकटीच बघते. नारळ, चिकू, मोगरा आणि अंगणभर कोंबड्या. मीही एकटीच. नवरा गेला, मुलगी बंगळुरूला, मी पालघरजवळ सरावलीच्या फ्लॅटमध्ये. "माझ्याकडं राहायला ये," असं मी तिला वर्षभर सांगत होते आणि ती वर्षभर भलत्याच विषयावर बोलत होती. प्लास्टर निघालं तेव्हा पालघरच्या डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून आणायला सांगितलं आणि मी संधी साधली. हाडं ठिसूळ निघाली तर घराला कुलूप लावून मुकाट माझ्याकडं यायचं. चांगली निघाली तर मी हा विषय जन्मात काढणार नाही.

"बरं हाय," आई म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की मला तिथंच संशय यायला हवा होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी केंद्रातून फोन आला. कॅल्शियमच्या गोळ्या आजपासून बंद ठेवा, तपासणीत घोळ होतो. मी निरोप पोचवला. खरं तर गरज नव्हती, कारण डॉक्टरांच्या गोळ्या आई घेतच नव्हती. ती त्या कुटून कोंबड्यांच्या दाण्यात घालायची. अंड्यांची कवचं कशी टणक झालीत हे मला फोनवर कौतुकानं सांगायची, कारण तेवढं सांगायची नाही. मला ते फार नंतर समजलं.

तपासणीच्या खोलीत एक लांबलचक टेबल आणि त्यावरून सरकणारा यंत्राचा आडवा हात. मशीन चालवणाऱ्या मुलीनं आईच्या साडीच्या पिना, बांगड्या, गळ्यातली साखळी, सगळं काढून घेतलं. हे यंत्र करतं तरी काय, असं आईनं विचारलं.

"आजी, खालून दोन प्रकारचे किरण सोडतात," ती म्हणाली. "मांस थोडे अडवतं, हाड जास्त. वर किती पोचले ते हा हात मोजतो. हाड जितकं भरीव, तितके किरण जास्त अडतात."

"मंग माजे काय पोचनार नाय," आई म्हणाली आणि डोळे मिटून पडून राहिली.

हात कमरेवरून सरकत गेला. पडद्यावर एकाखाली एक मणके उमटले आणि मणक्यांच्या बाजूला पाच-सहा पांढरेशुभ्र गोल. मुलगी आधी पडद्याकडं, मग आईकडं बघत राहिली.

"आजी, सकाळी काय घेतलंत?"

"चाय."

"आणि?"

"आनी गोळ्या. जरा जास्तीच." आईनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. "तूच सांगितलास ना, घेव नको म्हनून? घेवन कायतरी फायदा होत असल, म्हनूनच नको सांगतात."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर शाळेत शिकवलं, कॉपी करणारी पोरं खंडीभर पकडली, पण उत्तरं गिळून आलेली ही पहिलीच.

मुलगी हसू दाबत म्हणाली, "मणक्यांचं आजचं धरता येणार नाही. आठवड्यानं या. गोळ्या न खाता."

आई टेबलावरून उतरली, पण तिथून हलेना. "वेळ आमचीच हाय ना? मंग हिची तपासनी करा. हीपन काय कवळी नाय रायली."

उगाच कशाला, असं मी म्हणाले खरी, पण आडवी झाले ती ऐटीतच. रोज पहाटे चालते, दूध पिते, लिफ्ट वापरत नाही. नीट दिलेली परीक्षा कशी असते ते म्हातारीला जरा दिसू दे, म्हटलं.

आठवड्यानं आईची तपासणी पुन्हा झाली आणि डॉक्टरांनी दोघींचे रिपोर्ट समोर ठेवले. आईची हाडं वयाच्या मानानं चांगली होती. असं पडल्यावर मनगट कुणाचंही मोडतं, म्हणाले. मग ते माझ्याकडं वळले. पाळी कधी गेली, विचारलं. फार लवकर गेली होती. माझे मणके आणि खुबा दोन्ही ठिसूळ निघाले होते. औषध सुरू करू, पण जड उचलायचं नाही, झटकन वाकायचं नाही आणि पडायचं तर मुळीच नाही.

"घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणाले. आई भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत होती.

तिला गावी सोडायला मी एसटीनं बरोबर गेले. आता टोमणा येईल, मग येईल, म्हणून मी तयारीतच बसले होते. पैज तिनं जिंकली होती, तीही चोख. पण ती अवाक्षर बोलली नाही. टोमणा मला चालला असता. तिच्या गप्प बसण्याची मात्र मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात एका सकाळी बेल वाजली. नळाला पाणी आलं होतं आणि मी भरलेली बादली हातात घेऊनच दार उघडलं. दारात आई, दोन्ही हातांत पिशव्या.

"हे काय? जिंकलीस ना तू? मी विषय काढणार नव्हते."

"तू कुटं काडलास?" ती म्हणाली. "वाडीला पानी घालायला शेजारनीला सांगितलाय. घराला कुलूप हाय."

ते घर म्हणजे तिचा जीव. बाबा गेले तेव्हासुद्धा तिनं ते एका रात्रीसाठी सोडलं नव्हतं. कुलपाची अट मीच घातली होती, आणि आता तिनं आपण होऊन ते लावलं तर मला सोसवेना. "आई, असं नको ना करूस," म्हणाले आणि दारातच रडायला लागले.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या. माझ्या हातातली बादली काढून घेतली, मला कोपरानं बाजूला सारलं आणि बादली घेऊन सरळ न्हाणीघरात गेली.

"नीट चाल गो," आतून म्हणाली, "लादी वली हाय."