बसवराजला घरी नेलं तेव्हा

भूकंपात महानंदा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली ती थोरल्या भावाच्या, बसवराजच्या हट्टामुळं. आईवडील गेलेच होते. मदतीला आलेली माणसं म्हणत होती, "आता खाली कुणी न्हाई, बाबा. सोड." पण तो नखं निघेस्तोवर माती उकरत राहिला, आणि शेवटी तिचं कण्हणं ऐकू आलं.

पुढं त्यानंच तिचं लग्न लावून दिलं. नवरा अकाली गेल्यावर लातुरात जागा बघून दिली. तोवर शहरात क्लासेसची नुसती जत्रा भरली होती. महानंदानं मेस काढली. हदगाव-जळकोटकडची पोरं तिच्याकडं जेवायची. परीक्षेला कुणी उपाशी निघालं की ती सरळ वाट अडवायची. हट्टात ती भावाच्या वरचढ होती.

नांदेडला मुलाकडं, गुरुलिंगकडं, गेलेला बसवराज एका सकाळी न्हाणीतच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. महानंदा दवाखान्यात पोचली तेव्हा यंत्र त्याची छाती वरखाली करत होतं. डोळे अर्धवट उघडे होते, पण नजर कुठंच नव्हती.

पुढं अंग सुजत गेलं, बोटांची टोकं काळवंडली. डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, आता शुद्ध येणं नाही. यंत्र आहे तोवर श्वास आहे.

"घरी नेऊ," बसवराजची बायको केवळाबाई म्हणाली.

"वहिनी, जीव हाय अण्णात! असंच म्हणून लोक मला मातीत सोडून निघाले होते."

गुरुलिंग कधी आईकडं, कधी आत्याकडं बघत राहिला. डॉक्टर म्हणाले, आधी घरच्यांचं एकमत करा. महानंदानं आयसीयूच्या दाराशी सतरंजी टाकली आणि तिथंच बसली. आत कोण जातंय, काय करतंय, यावर तिची नजर. घास दिला तर खायची, नाहीतर तशीच. आतल्या यंत्राचा आवाज जरा बदलला की ताडकन उठायची.

एका दुपारी केवळाबाई तिच्याशेजारी येऊन बसली.

"वन्सं, तुमाला मातीतून काढल्यापासून हे एकदा बी दार लावून झोपले न्हाईत. थंडी असू दे, पाऊस असू दे, अंगणातच. दार लावलं की माती छातीवर येती म्हणायचे. तुमाला सांगू नको म्हणले, जिवाला लावून घ्याल म्हणून." तिनं आयसीयूच्या दाराकडं बोट केलं. "आन् आता बघा कसं कोंडून ठिवलंय त्यांना."

महानंदा हो म्हणाली नाही. सतरंजी गुंडाळली आणि बाजूला झाली.

नळी काढल्यावर तो स्वतःच श्वास घेऊ लागला, घरघरत, थांबत थांबत. ॲम्ब्युलन्स गावाकडं, निलंग्याकडं निघाली. लोहा मागं पडलं आणि महानंदा किंचाळली, "गाडी वळवा! हात दाबला अण्णानं!"

ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"चालू द्या," केवळाबाई म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

महानंदा दाराकडं झेपावली. गुरुलिंगनं तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. अहमदपूर यायच्या आत घरघर थांबली.

त्या दोघी पुन्हा एकमेकींशी बोलल्या नाहीत. गुरुलिंगचा फोन आला की महानंदा विचारायची, "दाबला होता ना रे?"

"न्हाई आत्या. डॉक्टर म्हणलेच होते, तशी हालचाल आपोआप होत असती म्हणून."

वर्षभर हेच चाललं. एकदा तो थकून म्हणाला, "हाव. दाबला होता."

मग महानंदा म्हणाली, "जेवलास का?"

त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. तिनं ते खरं धरलं असेल म्हणून गुरुलिंगला मात्र फोन करायची भीती वाटू लागली.