माळीवाडा वेशीतून न्युरेंबर्ग

शांतवनभाऊ गेल्याचं त्यांच्या दावीदनं शाळेत येऊन सांगितलं. चौथीच्या पोरांना मी पाटीवर कलिंगडाच्या फोडीचं चित्र काढायला लावलं होतं. हा दारात उभा राहिला, "मास्तरकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाला आणि परत फिरला. मला रागच आला. अरे, थांबशील की नाही जरा? पण लढाईवरून आल्यापासून तो कुणापाशी थांबतच नाही... दफन झालं, पाळक प्रार्थना करून गेले, त्याला आता महिना होत आला. संध्याकाळ झाली की माझे पाय अजून स्टेशनच्या रस्त्याकडे वळतात.

भाऊ छावणीच्या दवाखान्यात कंपाउंडर. मूळचे नेवाशाकडचे, मिशनच्या शाळेत शिकलेले, नाकासमोर चालणारे. लढाई सुरू झाली तसे सरकारने देशभरचे जर्मन गोळा करून आमच्या नगरात आणून ठेवले आणि त्यांचे जुलाब, ताप, गळवं भाऊंच्या वाट्याला आली. त्याच सुमारास दावीद फौजेत भरती झाला. पुढे तो आफ्रिकेत धरला गेला आणि कैदी होऊन थेट जर्मनीत पोचला. न्युरेंबर्ग नावाच्या गावाबाहेरच्या छावणीत आहे, एवढंच काय ते भाऊंना कळलं.

इकडच्या जर्मनांना तोवर डेहराडूनकडे हलवलं होतं. एक म्हातारा तेवढा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेला, म्हणून दवाखान्यात राहिला. मुंबईत चर्चमधल्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा, आणि गाव त्याचं नेमकं न्युरेंबर्ग! भाऊ त्याला घरून पेज न्यायचे, अंग पुसून द्यायचे. मी एकदा भडकलो. म्हटलं, त्याचे जातभाई तुमच्या पोराला कसे वागवत असतील कोण जाणे, आणि तुम्ही ह्याचे पाय चेपताय? भाऊ म्हणाले, दावीद तिथं आहे म्हणून तर चेपतोय.

भाऊंचा एक समज मात्र भलताच पक्का होता. आपल्या छावणीतल्या जर्मनांना, पळून जाणार नाही असा शब्द दिला की संध्याकाळी फिरायला सोडत. बाजारात पेरू घेताना आम्ही त्यांना पाहिलेलं. तेव्हा दावीदलाही तिकडे सोडत असणार, असं भाऊंनी ठरवूनच टाकलं. नगरचा न्याय त्यांनी जर्मनीला लावला! पोरगं परक्या गावात एकटं हिंडत असेल, भाषा येत नाही, वाट कुणाला विचारणार... निदान बापाला तरी ते गाव पाठ हवं. मग म्हातारा डोळे मिटून मोडक्या हिंदुस्थानीत आपल्या गावातून चालायचा आणि भाऊ खाटेशेजारी बसून त्याच्या मागोमाग. स्टेशन, तटबंदी, वेस, दोन मनोऱ्यांचं चर्च, नदीवरचा पूल, वर किल्ला.

संध्याकाळी तेच आम्ही नगरात चालायचो. स्टेशनकडून निघायचं, माळीवाडा वेशीतून आत शिरायचं, की आलं न्युरेंबर्ग. कापसाचं गोदाम म्हणजे चर्च. नदी कुठून आणणार? बाजारातली उघडी गटार तीच नदी. ती ओलांडताना भाऊ मला हाताला धरून सांभाळून न्यायचे. लोक हसायचे. मीही चिडवायचो. एकदा त्यांनी मला रस्त्यातच धरून विचारलं. "मास्तर, धा वर्षांनी पोरगं आलं तर मी त्याच्याशी बोलू काय? त्यानं पाहिलेली एखादी तरी गोष्ट मला ठावी पाहिजे. तेवढी एक मिळाली तरी लई झालं."

म्हातारा नगरातच वारला. त्याला माती द्यायला भाऊ गेले होते. पुढे त्या गावावर बाँब पडल्याचं वर्तमानपत्रात आलं. भाऊंनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले की दगडी गाव आहे, दगड काही जळत नाही.

दावीद परत आला, त्या संध्याकाळी मी भाऊंच्या घरीच होतो. हाडांचा नुसता सापळा. जेवण झाल्यावर भाऊंनी लहान मुलासारखं विचारायला सुरुवात केली... वेशीतून आत गेलास का, बाजाराच्या चौकात काय काय पाहिलंस. दावीदनं ताट बाजूला सारलं.

"आमाला फिरायला न्हेत नव्हते, बाबा. मढी उपसायला न्हेत. चौकात काय बी न्हवतं. आता त्या गावाचं नाव काढू नका."

भाऊंनी पुन्हा काढलं नाही. बापलेक एका घरात राहिले, आणि मीठ दे, कंदील लाव, याच्यापलीकडे त्यांच्यात बोलणं राहिलं नाही. आमचं फिरणं सुरूच होतं, पण गोदामापाशी भाऊ थांबेनात, गटार एका ढांगेत ओलांडू लागले. आम्ही नुसतंच नगर चालत होतो. माणूस आतून खचत गेला आणि मला काही करता आलं नाही. अजून जीव तुटतो.

गेल्या आठवड्यात माळीवाडा वेशीपाशी दावीद उभा दिसला. बाबा कुठून कुठं न्यायचे ते दाखवा, म्हणाला. मी दाखवत गेलो. गोदाम झालं, गटार झाली. कापडबाजारात पोचल्यावर म्हटलं, हा बाजाराचा चौक. समोर एक चर्च, आणि त्या कोपऱ्यात कारंजं, देवळाच्या कळसाएवढं उंच, त्यावर राजांचे आणि संतांचे पुतळे, सगळ्याला सोन्याचा मुलामा.

दावीद त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"कोपऱ्यात? उंच?"

"होय. म्हातारा सांगायचा."

"तिथं शिमिटाचा मनोरा हुता, काका. बांबापासून राखायला आत कायतरी लिंपून ठेवलंय, आसं पहारेकरी म्हनायचा. चौकातलं समदं पडलं, त्यो तेवढा उभा. दुपारची भाकरी आमी त्याला पाठ लावून खायचो. रोज."

दुकानदार फळ्या लावत होता. दावीद पायरीवर बसला.

"आन मी बाबांना सांगितलं, काय बी न्हवतं."