उंबरापर्यंत बोलायचं नाही

रडत आलेल्या मुलीला आमच्या खेळाच्या बाई ‘काय झालं’ असं कधी विचारायच्या नाहीत. आधी तिच्या पायांकडे बघायच्या. “चपला नीट बसतात ना?” एवढंच विचारायच्या, आणि मुलीनं मान हलवली की म्हणायच्या, “मग चल.”

तुमच्याही शाळेत खेळाच्या बाई असतीलच. पण आमच्या बाई तुम्ही लोणावळ्याच्या बाजारातून चालताना पाहायला हव्या होत्या. पाचवारीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, गळ्यात शिट्टी आणि पायांत पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना रोज खडू फासायच्या. चिक्कीच्या दुकानातली माणसं हातातलं तागडं तसंच धरून बघत राहायची, आणि बाई त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता पुढे जायच्या. त्या कार्ल्याकडच्या शेतकरी घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं, शाळेमागच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. वर्गात भाषा अगदी पुस्तकातली, पण मैदानावर उतरल्या की गावची बोली बाहेर यायची. “पळ की गं. पाय काय उसनं आणल्यात व्हय?”

तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. मुलींचा खेळाचा तास गुरुवारी, आणि त्या तासाला पूर्वी राहिलेलं शिवणकाम पुरं करायची पद्धत होती. बाई आल्या आणि त्यांनी आम्हाला उठवून मैदानावर नेलं. शिवणाच्या बाईंना राग आला. त्यांना आमच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की टाके उद्याही पडतील, ह्या पोरी उद्या चौदा वर्षांच्या राहायच्या नाहीत.

आता त्या ‘चल’विषयी सांगते. चल म्हणजे शाळा सुटल्यावर वलवणच्या धरणाच्या रस्त्यानं चालायला चल. वाटेत एक जुना उंबर होता. त्याला हात लावायचा आणि परत फिरायचं. जाताना अवाक्षर बोलायचं नाही, येताना मनात असेल ते बोलायचं. खो-खोत एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याशिवाय मागे वळता येत नाही, तसा हा आपला खांब, असं त्या म्हणायच्या. पुष्कळ मुली उंबरापर्यंत जाताजाताच निवायच्या. माझी एक मैत्रीण गणितात नापास झाली म्हणून हुंदके देत गेली, आणि येताना तिला इतकंच सांगायचं होतं की तिला भूक लागली आहे. बाईंनी तिला शेंगदाणे घेऊन दिले.

मी मात्र त्या रस्त्याला जायचं नाही असं ठरवलं होतं. खेळायचंही नाही असं ठरवलं होतं.

त्या काळी महिन्याच्या त्या चार दिवसांत मुली खेळत नसत. ‘बाई, आज बाजूला’ म्हटलं की आंब्याखाली बसायची मोकळीक मिळे आणि पुढे कुणी काही विचारत नसे. मी पहिल्या गुरुवारी बाजूला बसले. दुसऱ्या गुरुवारी बसले. असे पाच गुरुवार गेले. सहाव्या गुरुवारी बाई माझ्याशेजारी येऊन उकिडव्या बसल्या आणि दुसऱ्या मुलींना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “पोरी, तुझा महिना दर गुरुवारी येतो व्हय गं?”

मला हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी फुटलं होतं, त्यामुळे ते कुठे थांबवायचं तेच कळेना, आणि हसताहसता मी रडायला लागले. बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं.

त्या दिवशी आम्ही उंबरापर्यंत गेलो. मी झाडाला हात लावला आणि आठेक पावलं आल्यावर जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्याच उन्हाळ्यात आई गेली होती. दोन दिवसांचा ताप. शेजारच्या काकू बोलवायला धावत आल्या तेव्हा मी रेल्वे क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागेत लंगडी खेळत होते. घरी पोचले तोवर सगळं संपलं होतं. आई जात होती आणि मी एका पायावर उड्या मारत होते, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. सकाळी उठून पोळ्या, वडिलांचा डबा, धाकट्या भावाची आंघोळ, मग शाळा, मग परत चूल. वडील म्हणू लागले होते की नववी झाली की शाळा पुरे. मला तेही चालणार होतं. मला सगळंच चालणार होतं, इतकी मी मिटून गेले होते.

 बाई म्हणाल्या, “खेळायला तू आपली गेलीस, का कुणी जा म्हणालं?”

“आईच म्हणाली. माझ्याजवळ बसून काय करतेस, जा खेळ जरा.”

“मग आईचं ऐकलंस की तू,” बाई म्हणाल्या. “त्यात काय चुकलं?”

बस, एवढंच. पाठीवर हात नाही की काही नाही. पण पुढच्या गुरुवारी मी पदर खोचला आणि मैदानात उभी राहिले. लंगडी घालायला मात्र मला आणखी वर्ष लागलं.

शाळेचा प्रश्न उरला होता. एका रविवारी सकाळी बाई आमच्या दारात हजर. वडील लोकोशेडमध्ये फिटर होते, बोलायला मोजके, आणि आई गेल्यापासून तर घरात तिचं नावसुद्धा काढत नसत. मला वाटलं आता वाद होणार. बाईंनी वडिलांच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, “चपला नीट बसतात ना?”

वडील चक्रावून हो म्हणाले आणि पाच मिनिटांत धरणाच्या रस्त्याला लागले. एकटी बाई विधुराबरोबर फिरायला निघाली म्हणून गावाला चघळायला विषय नको, यासाठी बाईंनी आम्हा दोघा भावंडांनाही बरोबर घेतलं, पण वीस पावलं मागे ठेवलं. उंबर येईपर्यंत पुढे दोघंही मुकाट. वडिलांनी आज्ञाधारक मुलासारखा झाडाला हात लावला. येताना पाहते तो त्यांचे हात हलत होते. ते बोलत होते. भाऊ मला म्हणाला, “ताई, बाबांना इतकं बोलता येतं?” ते काय बोलले ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर त्यांनी आईचा फोटो पुसला आणि म्हणाले, अकरावीपर्यंत शीक.

मी शिकले. पुढे पुण्याला नोकरी लागली, लग्न ठरलं. पत्रिका द्यायला बाईंकडे गेले. बाई वाळल्या होत्या, बुटांना खडू नव्हता. हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं, कारण मी माझ्याच आनंदात होते. त्यांनी माझ्या नव्या चपलांकडे बघून विचारलं, “बसतात ना नीट? मग चल.”

जाताना आम्ही नेहमीप्रमाणे गप्प होतो. बाई दोनदा थांबल्या. उंबराला हात लावून वळलो आणि मी सुरू झाले. सासरची माणसं, शालू, नव्या घराची गॅलरी. वाटेत ओढ्यावर एक मोरी आहे, तिच्यापाशी आल्यावर बाई म्हणाल्या, “मला पण एक सांगायचं व्हतं गं,” आणि मी म्हटलं, हो बाई, पण आधी हे ऐका. बाईंनी ऐकलं. गावात शिरेपर्यंत ऐकत राहिल्या. निरोप घेताना मला आठवलं, मी विचारलं. “काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “फुडच्या खेपेला.”

दिवाळीला माहेरी आले तर खोलीला कुलूप. शाळेतल्या शिपाई मावशी म्हणाल्या, “गेल्या की गं बाई. भावाकडं, गावाला, तितंच गेल्या. पोटाचं दुखणं लय दिवसांचं व्हतं. कुणाला बोलल्या न्हाईत.”

त्यांना मोरीपाशी तेच सांगायचं होतं का, मला माहीत नाही. दुसरंच काही असेल. साऱ्या शाळेच्या मुलींचं त्यांनी येताना ऐकलं, त्यांचं ऐकायची पाळी एकदाच माझ्यावर आली, आणि मी शालूचा रंग सांगत बसले. माझ्या आठवणीत पुष्कळ माणसं आहेत, पण इतकी चुटपुट एकाच माणसाची लागते.

निवृत्त झाल्यावर मी लोणावळ्याला परत आले. उंबर अजून आहे. गुरुवारी संध्याकाळी मी धरणाच्या रस्त्याला लागते. जाताना बोलत नाही. झाडाला हात लावून वळते, आणि येतानाही बोलत नाही. मोरी आली की बाईंपुरती जागा सोडून, रस्त्याच्या कडेनं, थोडी हळू चालते.