चिंचेखालची मोजणी

उभ्या नोकरीत माझा एकच विद्यार्थी पक्का तयार झाला, आणि ते म्हणजे माझे वडील.

पन्नास सालाच्या सुमारास मी ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, आग लागल्यावर काय करायचं ते कामगारांना शिकवायचो. मी तासभर भाषण करायचो, ते शांतपणे ऐकायचे (डोळे मिटून!), आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यांना फक्त मधला चहा आठवायचा. शेवटी साहेबाने एक इंग्रजी चोपडं माझ्यापुढे टाकलं. नुसतं सांगितलेलं माणूस विसरतो, असं त्यात होतं. हातांनी करून घ्या, प्रत्येकाला एकेक काम द्या, आणि तो विसरायच्या बेतात असला की अचानक पुन्हा करून घ्या.

कारखान्यात फजिती नको म्हणून मी आधी डोंबिवलीला घरच्यांवर प्रयोग केला. शिट्टी वाजली की आईने शेगडीवर पाणी ओतायचं, माझ्या बायकोने, मालतीने, दारं उघडायची, मी बादली घ्यायची आणि नानांनी, म्हणजे वडिलांनी, अंगणातल्या चिंचेखाली माणसं मोजायची. चार भरल्याशिवाय कोणी आत जायचं नाही. नाना नुकतेच कचेरीतून निवृत्त झाले होते. काम मिळालं म्हणून खूश झाले. मी एका दिवसाने शिट्टी फुंकली, मग चार दिवसांनी, मग पंधरा. आईचा तीनदा भात बिघडला. "आग लागो तुझ्या कारखान्याला," ती म्हणाली, पण चिंचेखाली वेळेवर यायची.

मग समोर शाळा आली आणि शाळेबरोबर कवायतीचे मास्तर. आमच्या सत्यनारायणाला, ऐन तिसऱ्या अध्यायात, त्यांनी शिट्टी फुंकली. नानांनी भटजींना दंडाला धरून उठवलं. आईने शिऱ्याखालची शेगडी विझवली. सगळे पाहुणे चिंचेखाली, आणि नाना विचारतात, "एकोणीस? चारच पाहिजेत. जास्तीचे कोण?" आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही. त्याच वर्षी दिवाळीआधी ती तापाने गेली.

पुढे नाना हळूहळू विसरू लागले. जेवलो की नाही ते, मग मालतीचं नाव, मग माझं. आई गेली हे तर सगळ्यात आधी. शिट्टी मात्र विसरले नाहीत. रोज संध्याकाळी कवायत सुरू झाली की नाना चिंचेखाली, आणि मागोमाग आम्ही दोघं.

"तीनच," ते म्हणत. "ती आत राहिलीय रे." आणि घराकडे धावत. आई गेली, असं मी एकदाच सांगितलं. त्यांना ते त्या क्षणीच नव्याने कळलं, आणि ते असे रडले की पुन्हा सांगायची माझी छाती झाली नाही. मास्तर भला माणूस. त्यांनी शिट्टी सोडून टाळ्या सुरू केल्या. तर नाना त्या वेळेला आपणहून निघाले! पंधरा दिवसांच्या अंतराने घोटून घेतलेलं ते, जाणार कुठे?

शेवटी मी एक युक्ती केली. नानांनी मला मोजलं की मी चिंचेच्या बुंध्यामागून पळत जायचो आणि मालतीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहायचो.

नाना माझ्याकडे बघून म्हणत, "आलीस? चार. चला आत."

एक माणूस दोनदा मोजला तर कोणीतरी आत जळून मरतं, हे मी कारखान्यात ओरडून सांगायचो. घरी तीन वर्षं रोज तेच केलं. ही लबाडी पकडायची कशी, तेवढंच माझ्या एकुलत्या एका हुशार विद्यार्थ्याला शिकवायचं राहून गेलं होतं. वाईट मास्तर असण्याचा तेवढा एक फायदा मला झाला.