आबांनी न बसवलेला जोड

आबा कुठल्याही यंत्राजवळ गेले की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. मग त्याच्याभोवती एक फेरी, दुसरी, कधी तिसरीही. वाकून बघायचे, वास घ्यायचे, पण हात पाठीवरच. नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनच्या घरात वॉशिंग मशीनभोवती फिरायला जागा नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी ते तिच्यासमोर नुसतेच दहा मिनिटं उभे राहिले. मी विचारलं, "आबा, काही हवंय का?"

"न्हाय गं. आधी बघून घ्यावं. हात काय, कवाबी लावता येतो."

आबा माझे सासरे. कराडजवळ हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे आणि त्या भागात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे 'मिस्त्री'च म्हणतात. खोदाईची मशीनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्या, तेव्हा माझ्या नवऱ्यानं, समीरनं, त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. आणलं आणि पंधरा दिवसांत स्वतः कामासाठी तैवानला गेला. घरात मी आणि आबा.

मी मृणाल, पुण्याची. इथे मोठ्या कंपनीत इंजिनियर. आबांच्या नखांत कायमची बसलेली काळी रेघ मला सुपरमार्केटच्या काउंटरवर दिसायची आणि मी पिशवी पटकन माझ्या हातात घ्यायचे. मराठी मित्रमंडळींत कुणी विचारलं, तर "सासरे हायड्रॉलिक्समध्ये होते" असं इंग्रजीत सांगायचे. खोटं नव्हतं ते. पण 'मिस्त्री' हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता.

आमचा गावाच्या कडेला फोल्क्सटाउनमध्ये एक वाफा आहे. फोल्क्सटाउन म्हणजे बागेसाठी भाड्यानं मिळणारे जमिनीचे तुकडे. तिथे मी मेथी-कोथिंबीर लावते. बागेच्या संघटनेकडे एक जुना बॅकहो होता, पुढे माती उचलायची बकेट आणि मागे खोदायचा लांब हात असलेला. पाण्याचे चर साफ करायला तो लागायचा. त्याची देखभाल हेंक नावाचे एक निवृत्त गृहस्थ करत. आबांना मी पहिल्यांदा तिथे नेलं, तर मेथीकडे न बघता ते थेट त्या बॅकहोपाशी गेले. हात पाठीवर. तीन फेऱ्या. मग मला हाक मारली.

"ह्येचे सगळे होज वाळलेत. भेगा बघ. त्येला इचार, मी बदलून देऊ का?"

होज म्हणजे तेलाचे जाड रबरी पाइप. बॅकहोचा सगळा जोर त्या तेलाच्या दाबावर चालतो. मी हेंकना विचारलं. त्यांना मजा वाटली. म्हणाले, "करू दे की, नवे होज संघटना आणून देईल." आणि आबांचे शनिवार सुरू झाले.

दुभाषी म्हणून मी शेजारी बसायचे, म्हणून मला ते काम बघायला मिळालं. आबा आधी मशीनचा हात जमिनीवर टेकवत, इंजिन बंद करत आणि मग सगळे दांडे पुढे-मागे हलवून आत अडकलेला दाब सोडून देत. "बंद झालं म्हंजी शांत झालं न्हवं," म्हणत. माझ्या जुन्या ओढणीच्या चिंध्या करून प्रत्येक होजला त्यांनी बांधल्या. एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी. कुठला कुठे जातो ते चुकायला नको. उघडी पडलेली तोंडं लगेच बुचानं बंद. नव्या होजवर लांबीभर एक छापील रेघ असते. ती पिळली गेली तर होज आतून पिळला गेला असं समजायचं. आबा एका पान्यानं नट धरत, दुसऱ्यानं आवळत आणि डोळे त्या रेघेवर. गळती शोधताना मी एकदा बोट पुढे केलं, तर ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "हात न्हाय! सुईसारखं घुसतंय त्याल कातड्यात!" मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी तो होजच्या टोकाच्या धातूच्या जोडासमोर धरला. पुठ्ठ्यावर बारीक ठिपके उमटले.

आइंडहोव्हनला होज बनवून देणाऱ्या दुकानात मी त्यांना नेलं. काउंटरवरच्या माणसाला मराठी येत नव्हतं, आबांना डच. मी मध्ये तोंड घालणार, तोच आबांनी जुना जोड त्याच्यासमोर ठेवला, त्यानं आटे मोजायची पट्टी काढली, दोघांनी माना एकत्र घातल्या. एका जोडाच्या आट्यांवरून त्यांचं काहीतरी बिनसलं, मग जुळलं. निघताना त्या माणसानं काउंटरच्या बाहेर येऊन आबांशी हात मिळवला. मला त्या दिवशी पहिल्यांदा आबांचा अभिमान वाटला. तो मी त्यांना बोलून दाखवला नाही.

सगळे होज झाले, एक राहिला. खोदायचा हात उचलणाऱ्या सिलिंडरचा. तिथला जोड वेगळ्या मापाचा होता आणि तो यायला आठवडा लागणार होता. हेंकना चर साफ करायची घाई. त्यांनी आपल्या खणातून एक जोड काढला, दोन आटे फिरवून दाखवले. "बसतोय की."

आबांनी तो हातात घेतला, फिरवला, परत दिला. "बसतंय म्हंजी जुळतंय असं न्हाय. आटे येगळे हाईत. दोन फेरं जाईल आन् दाब आला की उडंल. त्येला सांग, नवा येईस्तवर मशीनला हात लावायचा न्हाय. असंच सांग."

त्याच वेळी माझा ऑफिसचा फोन वाजत होता. मी हेंकना म्हटलं, "ते म्हणतात, थांबलात तर बरं होईल." डच माणसाला 'नको' हे 'नको' असंच सांगावं लागतं. इतकी वर्षं इथे राहून मला हे माहीत होतं. तरी मी ते मऊ करून सांगितलं, कारण माझ्या सासऱ्यानं एका डच माणसाला हुकूम द्यावा हे मला अवघड वाटलं.

बुधवारी हेंकनी स्वतःचा जोड बसवला आणि चरावर गेले. पहिल्याच उचलीला जोड उडाला. बॅकहोचा हात धाडकन खाली आला, चरावरचा लाकडी साकव मोडला, तेल चरात पसरलं. कुणाला लागलं नाही, एवढंच. आम्ही पोचलो तेव्हा संघटनेच्या अध्यक्षबाई खेमेन्टेला, म्हणजे नगरपालिकेला, फोन करत होत्या. फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "दुरुस्ती कुणी केली? हे इथे काम करतात का? त्यांना परवानगी आहे?"

आबांचा व्हिसा पाहुण्याचा. आमचा कायम वास्तव्याचा अर्ज तेव्हा विचाराधीन. पाहुण्याला इथे काम करता येत नाही. हेंक चराकडे बघत उभे होते.

आबांनी चिखलातून तो जोड शोधून काढला होता. सदऱ्याला पुसून त्यांनी तो तळहातावर धरला. "ह्यास्नी सांग, ह्यो मी बसवल्याला न्हाय. आटे बघा म्हणावं."

आणि मी डचमध्ये म्हणाले, "माझे सासरे मेकॅनिक नाहीत. त्यांची बायको नुकतीच गेली, हौस म्हणून करत होते. आम्ही नको म्हणत होतो, पण त्यांनी ऐकलं नाही. माफ करा."

अध्यक्षबाईंचा चेहरा निवळला. आबांनी विचारलं, "काय सांगितलंस?"

"तुमची चूक नाही म्हणून सांगितलं, आबा."

"बरं झालं," आबा म्हणाले आणि तो जोड त्यांनी अध्यक्षबाईंच्या हातात दिला. बाईंनी तो न बघता कचऱ्याच्या डब्यात टाकला.

पुढच्या शनिवारी आबा राहिलेला होज बसवायला पाने घेऊन निघाले. मी डोकं दुखतंय म्हणाले, तर एकटे चालत गेले आणि अर्ध्या तासात परत आले. "त्या मशीनच्या शेडला कुलूप हाय," एवढंच बोलले.

समीर परतला तेव्हा संघटनेचा मेल येऊन पडला होता. जेवताना त्यानं तो मोबाईलवर वाचला आणि वैतागून म्हणाला, "आबा, हे काय? मृणालनं नको म्हटलं तरी तुम्ही ऐकलं नाही, असं लिहिलंय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढाच. मग समीरला म्हणाले, "व्हय. माझंच चुकलं. न्हाई ऐकलं म्या."

मी तेव्हाही बोलले नाही.

स्किपोल विमानतळावर त्यांना सोडायला गेलो. आत जाण्याआधी ते मला म्हणाले, "फुडच्या बारीला यायचं झालं तर भाषा शिकून यीन. लई न्हाय, दोन-तीन वाक्यं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला परतीच्या वाटेवर जरा बरं वाटलं असतं.

वसंतात बागेच्या सफाईच्या दिवशी कॉफी पिताना कुणीतरी त्या भारतीय म्हाताऱ्याचा विषय काढला, ज्याला वाटत होतं की आपण मेकॅनिक आहोत. सगळे हसले. मीही हसले. कप तोंडाला लावलेला असताना माझं हसणं माझं मलाच ऐकू आलं. त्याच आठवड्यात संघटनेची वार्षिक सभा होती. मी उभी राहिले आणि जे झालं ते सगळं सांगितलं, मऊ न करता. मग हेंक उठले, म्हणाले, "खरं आहे. जोड मी लावला होता." आणि बसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मी सभेत उभं राहून सांगितलं त्याचा उल्लेख करून संघटनेनं आबांना माफीचं पत्र लिहिलं. डचमध्ये, दोन परिच्छेदांचं. मी ते फोनवर आबांना मराठीत वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य माझ्याबद्दल होतं: ते मेकॅनिक नाहीत असं त्यांच्या सुनेनंच आम्हांला सांगितलं होतं, म्हणून आमचा गैरसमज झाला. ते मी गाळलं. आबा म्हणाले, "पत्र हिकडं धाड."

या डिसेंबरात आम्ही कराडला गेलो. शेडमध्ये, पान्यांच्या फळीवर, ते पत्र काचेच्या चौकटीत लावलेलं. आबा एका मशीनखाली आडवे होते. एक ड्रायव्हर चहा पीत बसला होता, मला म्हणाला, "वहिनी, मिस्त्री कुणालाच सांगत न्हाईत यात काय हाय ते. तुम्ही वाचा की."

समीर शेजारी होता. मी वाचायला लागले. कामाच्या दर्जाबद्दल वाचलं, हेंकच्या चुकीबद्दल वाचलं, आणि ते वाक्य आलं. मी तिथेच थांबले.

मशीनखालून आबांचा आवाज आला. "तेवढं सोड. फुडचं वाच."

मोबाईल समोर धरला की आता कुठलीही भाषा वाचता येते, हे आबांना माहीत असणारच. मला कसं सुचलं नव्हतं?

मी तेवढं सोडलं. पुढचं वाचलं.

"लई भारी पत्र हाय," ड्रायव्हर म्हणाला. "परदेशातली माणसं माफी मागत्यात म्हंजी काय!"

आबा पाठीवर सरपटत बाहेर आले, बसले, चिंधीला हात पुसू लागले. "आमच्या सुनंनं मिळवून दिलं," ते म्हणाले. "भर सभेत हुबी ऱ्हायली माझ्यासाठी."

ड्रायव्हरनं उठून मला नमस्कार केला. मला तो घ्यावा लागला.