बुडबुडा निघेपर्यंत

नळीवर आधी टिचकी मारायची, मग डोळे बारीक करून बघायचं. सलाईन लावताना सिस्टर असं करतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या शेजारच्या सिस्टर मोटरसायकलच्या ब्रेकला लावलेल्या नळीलाही तशीच टिचकी मारायच्या. वर म्हणायच्या, "बुडबुडा छोटा हाय म्हणून सोडायचा न्हाई, भाऊ."

राहायला लातुरात आणि नोकरी चाकूरकडच्या उपकेंद्रात, त्यामुळे रोज मोटरसायकलवर जाऊन-येऊन. मी एकदा शहाणपणा केला, "सिस्टर, स्कूटी घ्या की." त्या म्हणाल्या, "काळ्या मातीत स्कूटी रुतून बसती. बाळंतीण थांबंल का माझ्यासाठी?"

ब्रेकच्या तेलात हवा राहिली की ब्रेक लागत नाही. सिस्टर ती हवा रविवारी अंगणातच काढायच्या. काम दोघांचं. एकाने हँडलची लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्याने चाकापाशी बसून पान्याने ब्रेकचं निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा बोल्ट, ढिलं करायचं. त्याला लावलेल्या नळीतून तेल येतं, हवा येते. निपल परत घट्ट कसलं की मगच लिव्हर सोडायची; आधी सुटली तर हवा उलटी आत शिरते. नळी अर्थातच सलाईनची, आणि लिव्हर धरणारा मी. डाळमिलमध्ये दिवसभर माणसांवर ओरडणारा मी तिथे "धरा" म्हटलं की धरायचो, "सोडा" म्हटलं की सोडायचो. बायको भिंतीपलीकडून म्हणायची, "घरी एवढं ऐकत न्हाईत हो सिस्टर!"

एका रविवारी लिव्हर धरलेली असताना खिशातला फोन वाजला. मिलमालकाचा. हात क्षणभर ढिला झाला, मी लगेच पुन्हा दाबला. खाली वाकलेल्या सिस्टरना दिसलं नाही आणि मी बोललो नाही. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटलं. तेवढ्यात त्यांनाही उपकेंद्रातून बोलावणं आलं. लिव्हर दोनदा दाबून पाहिली, बरी लागली, आणि निघाल्या.

चाकूरच्या अलीकडच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. गाडी थेट सोयाबीनमध्ये गेली. मनगट मोडलं, प्लास्टर आलं. नशीब एवढ्यावरच भागलं.

दोन दिवस मी भिंतीपलीकडे बघायचंही टाळलं. तिसऱ्या दिवशी गेलो. "सिस्टर, माझ्या हातून लिव्हर सुटली होती."

"तुम्हाला तवाच कळलं होतं?"

"हाव."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सुटणं चालतंय भाऊ. न सांगणं बिल्कुल चालत न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि डाव्या हाताने चहा ठेवला. तो चहा मी कसा प्यायलो, माझं मला ठाऊक.

प्लास्टर निघालं, पण रविवारची हाक काही आली नाही. मी भिंतीवरून डोकावलो. सलाईनच्या रिकाम्या बाटलीत बोटभर ब्रेक ऑइल आणि नळीचं टोक त्यात बुडवलेलं. आता लिव्हर सुटली तरी नळी तेलच ओढणार, हवा नाही. निपल जरासं ढिलं करून त्या एकट्याच हँडल दाबायच्या, वाकून बघायच्या, टिचकी मारायच्या. मायला, एवढं सोपं होतं! माझी गरजच संपली. खरं सांगतो, लई वाईट वाटलं. दोन वर्षं दर रविवारी मी उगाच अंगणात घुटमळत राहिलो.

मग त्यांची किनवटला बदली झाली. सामान बांधून झालं होतं. शेवटच्या रविवारी हाक आली, "भाऊ, या जरा. तिकडं सगळा जंगलाचा रस्ता हाय, ब्रेक पक्का पाहिजे."

अंगणात पाना होता, नळी होती. मी विचारलं, "बाटली?"

"राहू द्या. धरा तुम्ही."

धरली. खिशात फोन वाजला, वाजू दिला. बोटं पांढरी पडली, समोरचं हँडल धूसर दिसायला लागलं. सिस्टरनी खालून वर पाहिलं.

"सुटली का?"

"न्हाई सिस्टर."

"मग रडायलात कामून?" त्यांनी निपल कसलं, नळीला टिचकी मारली. "हं, सोडा आता."

जाताना बाटली आणि नळी मला देऊन गेल्या. माझ्या गाडीच्या ब्रेकची हवा आता मी एकटाच काढतो. टोक तेलात बुडालेलं असतं, लिव्हर केव्हाही सोडली तरी काही बिघडत नाही. तरी मी ती दाबून धरून थांबतो. चाकापाशी कुणी नसतं. खालून "सोडा" ऐकू आल्याशिवाय हात निघत नाही.